गावातल्या जुन्या बेने इस्राएली घराची नोंद कशी ठेवायची, माझ्या अनुभवातून

आमच्या शेजारच्या घराची चावी माझ्या आजीकडे होती, मग आईकडे आली आणि आता माझ्याकडे आहे. घरातली माणसं साठच्या दशकात इस्रायलला गेली, जाताना आजीला म्हणाली पावसाआधी कौलं बघा आणि दिवाळीला एकदा झाडून घ्या. बस एवढंच. घर विकलं नाही, भाड्यानेही दिलं नाही. अलिबागच्या आजूबाजूला, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन ह्या पट्ट्यात अशी बरीच घरं होती, लोक त्यांना "इस्रायलांचं घर" म्हणायचे, जुनी माणसं "शनवार तेल्यांचं" म्हणायची. आता त्यातली किती उभी आहेत ते तुम्हीच तुमच्या गावात फिरून बघा.

मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. पण गेल्या काही वर्षांत आधी ह्या एका घराची आणि मग आजूबाजूच्या तीन-चार घरांची नोंद करत गेले, चुका केल्या, काही गोष्टी कायमच्या गेल्या, त्यामुळे जे कळलं ते सांगते. म्युझियम होईल, सरकार काहीतरी करेल ह्याची वाट बघू नका. म्युझियम होईल तेव्हा होईल, तोपर्यंत जेसीबी येऊन गेलेला असतो.

पार्श्वभूमी थोडक्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा अशी की नवगावजवळच्या समुद्रात गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांना नवगावला पुरलं, आणि त्या चौदा माणसांपासून सगळा समाज वाढला. कधीची गोष्ट ह्यावर वाद आहेत, पण नवगावची ती दफनभूमी आणि स्मारक आजही आहे आणि लोक दुरून दुरून तिथे येतात. गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल जुंपायचे नाहीत म्हणून शनवार तेली. १९४८ साली इस्रायल झाला तेव्हा भारतात हे लोक वीस हजारांच्या आसपास होते, त्यातले बहुतेक पुढच्या दोन-तीन दशकांत तिकडे गेले, आता इथे काही हजारच उरलेत आणि तेही जास्त करून मुंबई-ठाण्यात.

पहिली गोष्ट, परवानगी

घर बंद आहे, पडायला आलंय, कोणी विचारणारं नाही, म्हणून आत शिरू नका. घर त्यांचं आहे. गावात कोणाकडे तरी चावी असतेच, नाहीतर कोणाकडे तरी पत्ता असतो, दरवर्षी एखादा नातू येऊन घर बघून जातो, ते शोधा. अलिबागला इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनेचं ठिकाण) आहे, १८४८ सालचं, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. रेवदंड्याला बेथ एल आहे, १८४२ सालचं. पनवेलला, पेणला आहे. तिथल्या लोकांना जाऊन भेटा, त्यांना बहुतेक सगळी घराणी माहीत असतात. जुनी माणसं सिनेगॉगला "मशीद"च म्हणतात, तेव्हा आजीआजोबांशी बोलताना दचकू नका. पुरुषांनी आत जाताना डोकं झाकायचं, आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो त्या वेळात कॅमेरा घेऊन जायचं नाही, फोनही करायचा नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी शनिवारी सकाळी दहाला मोबाईल हातात घेऊन दारात उभी राहिले होते, त्यांनी काही बोलून दाखवलं नाही पण मला नंतर फार लाजल्यासारखं झालं.

आता दार बघा

घरात शिरताना उजव्या हाताची चौकट. साधारण खांद्याच्या उंचीवर, म्हणजे चौकटीचे तीन भाग केले तर वरचा भाग जिथे सुरू होतो तिथे. तिथे मेझुझा लावलेली असते. लाकडाची, पत्र्याची नाहीतर पितळेची बोटाएवढी डबी आणि तिच्यात चामड्याच्या पातळ कागदावर हाताने लिहिलेली हिब्रू प्रार्थना, "शेमा". घर सोडताना आणि पुढे ज्यू कुटुंब राहायला येणार नसेल तर ती काढून घ्यायची पद्धत आहे. त्यामुळे तुम्हाला डबी बहुतेक मिळणार नाही. मिळतील ती दोन भोकं. एकाखाली एक, चार-पाच बोटांच्या अंतरावर, आणि बहुतेक वेळा त्यावर ऑइल पेंटचे तीन-चार थर.

आमच्या शेजारच्या घराला निळा, मग हिरवा, मग चॉकलेटी असे थर आहेत. मी टॉर्च चौकटीला चिकटवून तिरका मारला तेव्हा भोकं दिसली, आणि भोकांच्या मध्ये लांबट आकाराची किंचित उंच कड, म्हणजे डबी जागेवर असताना तिच्या कडेकडेने रंग मारलेला होता. आणि त्याच्या खाली साधारण वीतभर भाग असा गुळगुळीत की बोट फिरवलं की कळतं. बाकीच्या चौकटीला लाकडाच्या रेषा लागतात, तिथे लागत नाहीत. का ते मला कळलं नव्हतं. मग व्हिडिओ कॉलवर त्या घरातल्या आत्यांना दाखवलं (त्या इस्रायलमध्ये लोड गावी असतात, मराठी अजून आपल्यापेक्षा चांगलं बोलतात), तर त्या म्हणाल्या, "अगो, येता-जाता हात लावून तो हात ओठांना लावायचो ना. मी लहान, माझा हात पोचायचा नाही, मी खालीच लावायचे." पाच-सहा मुलांचे हात, पिढ्यान्‌पिढ्या. हे कुठल्या कागदावर सापडलं असतं?

मेझुझा फक्त बाहेरच्या दाराला नसते, आतल्या खोल्यांनाही असते, म्हणून माजघर, स्वयंपाकघर सगळ्या चौकटी बघा, न्हाणीघर सोडून. भोकं नाहीत म्हणजे घर त्यांचं नव्हतं असंही समजू नका, चौकटी बदललेल्या असतात, काही घरांत नसायचीही. आणि डबी जागेवर असेल तर उघडू नका, साफ करायला जाऊ नका, फोटो काढा आणि घरच्यांना कळवा.

फोटो काढायची पद्धत: आधी लांबून पूर्ण दार, मग चौकट, मग जवळून, आणि जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा म्हणजे नंतर माप कळतं. फ्लॅश मारू नका, फ्लॅशने सगळं सपाट दिसतं. बाजूने टॉर्च मारा.

परसू विसरू नका

सगळे पुढच्या ओटीचे फोटो काढतात, मागे कोणी जात नाही. घाणा चालवणाऱ्या घरांच्या परसात घाण्याचं दगडी उखळ कुठेतरी पडलेलं असू शकतं, कारण ते इतकं जड की कोणी नेत नाही. आमच्याकडे एका घराच्या मागे ते विहिरीजवळ कपडे धुवायला वापरत होते, मधोमध खोल खळगा, आतली बाजू काळी आणि चकचकीत. त्याचा व्यास, खोली मोजा, आणि ते कुठल्या जागी आहे हे नकाशावर टाका. नकाशा म्हणजे काही मोठं काम नाही, चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट असं धरून ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परसू काढा, दार-खिडक्या दाखवा, बाण काढून उत्तर कुठे ते लिहा. दोघं असाल तर एका दुपारचं काम आहे.

नावं आणि कागद

बेने इस्राएलांची आडनावं गावावरून असतात. किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, रोह्याचे रोहेकर, पेझारीचे पेझारकर, नवगावचे नवगावकर. पण नुसत्या आडनावावर जाऊ नका, दिवेकर, पेणकर आपल्याकडे दुसऱ्या समाजांतही भरपूर आहेत. नाव आणि आडनाव दोन्ही बघा. जुन्या कागदांत हिब्रू नावांची मराठी रूपं असतात, शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, मांडवीचं शार हारहमीम, १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, त्यांचं घरातलं नाव समाजी हसाजी. तेव्हा फेरफारात "समाजी हसाजी" वाचून हे कोणी मराठा किंवा कुणबी असतील असं समजून पुढे जाऊ नका, मी एकदा तशी पुढे गेले होते आणि सहा महिने चुकीच्या माणसांना फोन करत राहिले.

कागद कुठे बघायचे: ग्रामपंचायतीत नमुना ८ चा असेसमेंट उतारा, तलाठ्याकडे सातबारा आणि जुने फेरफार, गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात, आपले अभिलेख नावाचं सरकारी पोर्टल आहे. मोडी असेल तर मोडी वाचणारा शोधा, अंदाजाने लावू नका.

आणि महत्त्वाचं, हे कागद तुम्ही नोंदीसाठी बघताय. जमिनीच्या वाटणीचं, हक्काचं काही सापडलं तर ते घरच्यांना द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. एकदा का गावात बातमी झाली की जमिनीवर डोळा असणारे आधी पोचतात.

थडग्यांवरच्या तारखा

घरातल्या माणसांची साखळी लावायला दफनभूमी फार उपयोगी पडते. शिळांवर हिब्रू, मराठी, कधी इंग्रजी असं एकत्र असतं. वाचता येत नाही म्हणून खडू, पीठ, तेल असलं काही घासू नका, दगड खराब होतो, पुन्हा टॉर्च किंवा आरसा तिरका धरून उजेड पाडा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर अक्षरं आपोआप उठून दिसतात. घासणी आणि अॅसिड तर नकोच नको.

हिब्रू साल काढायची सोपी रीत: पूर्ण साल दिलं असेल तर त्यातून ३७६० वजा करा. ५६७० म्हणजे १९१०. बऱ्याचदा हजाराचा आकडा लिहीतच नाहीत आणि साल अक्षरांत असतं, तव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, आयिन म्हणजे ७०, झाले ६७०, त्यात १२४० मिळवा, पुन्हा १९१०. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून महिना वर्षाच्या सुरुवातीचा असेल तर एक साल मागे जावं लागतं. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा हे आपल्याला माहीतच आहे. दफनभूमीतून बाहेर पडताना हात धुवायची पद्धत आहे, ती पाळा.

पुस्तकं सापडली तर

ह्या बाबतीत माझ्या हातून झालेलं सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती, वाळवी लागलेली, वरची पानं भुगा झालेली, ती मी आणि आईने अंगणात जाळली, वाळवी बाकी घरात पसरू नये म्हणून. नंतर आत्यांना सहज सांगितलं तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. ज्यू धर्मात देवाचं नाव असलेला कागद फाटला, जुना झाला तरी टाकत नाहीत, जाळत नाहीत, तो साठवून ठेवतात आणि मग दफनभूमीत माणसासारखा पुरतात. मला माहीत नव्हतं हे खरं, पण विचारता आलं असतं. एक फोन करायचा होता फक्त.

म्हणून: हिब्रू अक्षरं असलेला कुठलाही कागद, फाटका तुकडासुद्धा, रद्दीत नाही आणि चुलीत नाही. सुती कापडात गुंडाळून कोरड्या खोक्यात ठेवा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. वाळवी असेल तर खोकं वेगळ्या खोलीत, जमिनीपासून उंच. पान-पान फोटो काढा, पान सपाट होत नसेल तर दाबू नका, जेवढं उघडतं तेवढंच. मग घरच्यांना किंवा सिनेगॉगमध्ये विचारा काय करायचं.

काय सापडू शकतं? प्रार्थनेची पुस्तकं, लग्नाचा करार म्हणजे केतुबा, कुटुंबाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर. मराठी भाषांतरासकट हगादा, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, मुंबईत १८४६ लाच शिळाछापावर छापली होती, आणि १८७४ च्या पुण्याच्या हगादात तर लुगडं नेसलेल्या बाया मात्झा (पेसाहची बिनखमिराची भाकरी) भाजतायत अशी चित्रं आहेत. आणि कीर्तनाच्या वह्या बघा! १८८० पासून हे लोक आपल्यासारखंच कीर्तन करायचे, साकी, दिंडी सगळं, आख्यान मात्र मोशेचं नाहीतर योसेफाचं. कोणाच्या तरी पणजीच्या हातची गाण्याची वही तुम्हाला "ही कसली भजनं" वाटून बाजूला पडू शकते. वाचून बघा आधी.

माणसांना काय विचारायचं

हे सगळ्यात आधी करायला हवं खरं तर, कारण दगड थांबतो, माणूस थांबत नाही. ऐंशीच्या पुढच्या कोणी आजी-आजोबा असतील, इथे किंवा इस्रायलमध्ये, लोड, रामले, अशदोद, दिमोना, बीरशेबा इकडे बरेच आहेत, तर ह्याच आठवड्यात फोन लावा. तिकडची वेळ आपल्या मागे, उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. रेकॉर्डिंग करतोय हे आधी सांगा आणि हो म्हणाल्यावरच बटण दाबा.

"तुमचा इतिहास सांगा" असं विचारलंत तर गलबताची गोष्ट सांगतील, ती आपल्याला माहीत आहे. स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. चूल कुठे होती, मटणाची भांडी कुठली, दुधाची कुठली. मटणाबरोबर दूध चालत नाही म्हणून सगळं नारळाच्या रसात, मग नारळ कोण खवायचं, खवणी कुठे असायची. नव्या वर्षाला चिकाचा हलवा करायचे, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, तासन्‌तास ढवळावा लागतो, तो कुठल्या पातेल्यात, कोण ढवळायचं, शेजारी कोणाकोणाला वड्या जायच्या. माझी आई लगेच म्हणाली, आपल्याकडे यायच्या की, गुलाबी रंगाच्या! शुक्रवारी संध्याकाळी मनुकांचं सरबत कोण करायचं. पाण्यावर खोबरेल घालून काचेच्या पेल्यात वात लावायचे तो दिवा कुठे टांगायचे. हे विचारलं की माणूस डोळ्यांसमोर घर आणतो आणि मग छताचं ते हूक कशाचं होतं हे तुम्हाला आपोआप कळतं.

सणांची नावं त्यांच्या मराठीत विचारा. योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपास) सगळेच म्हणतात आता, पण "दरफाळणीचा सण" म्हटलंत की आजी हसतात. पुरीमला (राणी एस्तेरच्या गोष्टीचा सण) होळीचा सण, तिशा बाव्हला (जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास) बिरड्याचा रोजा, त्या दिवशी वालाचं बिरडं असायचं. आणि मलिदा विचाराच. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे, त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या म्हणतात, लोक तिथे नवस बोलायला जातात. तुमच्या घराच्या वास्तुशांतीसारखा हा त्यांचा मलिदा कुठल्या खोलीत झाला, कोण आलं होतं, हे विचारून ठेवा.

मध्ये बोलू नका. आठवायला वेळ लागतो. मी पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये इतकी बडबड केली आहे की आत्यांची अर्धी वाक्यं माझ्या आवाजाखाली गेलीत.

घर टिकवायचं तर

जांभ्याची भिंत आणि चुन्याचा गिलावा असेल तर सिमेंट मारू नका, कितीही मिस्त्री म्हणाला तरी. जांभा पाणी पितो आणि सोडतो, वरून सिमेंट बसलं की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, येताना दगडाची खपली घेऊन येतो. चुना मिळतो, करणारे कमी झालेत पण आहेत. मे महिन्यात कौलं परतून घ्या, फुटकी बदला, वाशांना वाळवी बघा, पन्हळी साफ करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या भागात घरंच्या घरं उघडी पडली, आणि ज्या बंद घरांवर लगेच ताडपत्री पडली नाही ती त्याच पावसात खचली, कारण मातीच्या आतल्या भिंती भिजल्या की संपलं. चावी तुमच्याकडे असेल तर घरात एक ताडपत्री आणि दोरी कायम ठेवा.

पाडायचंच ठरलं असेल, तोही घरच्यांचा हक्क आहे, वाद घालू नका. फक्त त्यांना विचारा की पुढच्या दाराची चौकट आणि उखळ काढून ठेवू का. बाजूच्या वाडीतलं एक घर पाडतायत कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी गेले तोवर जुनं लाकूड घेणाऱ्याने सगळ्या चौकटी टेम्पोत भरून नेल्या होत्या, कुठे गेल्या पत्ता नाही. चौकट काढायच्या आधी चारही तुकड्यांवर खडूने नंबर टाका, उजवी कुठली डावी कुठली ते लिहा, जागेवरचा फोटो काढून ठेवा.

नोंद झाली की तीन प्रती करा. एक कुटुंबाला, एक त्यांच्या सिनेगॉगला, एक त्यांची परवानगी असेल तर गावच्या वाचनालयाला, आणि कागदावर छापून द्या, नुसता पेनड्राइव्ह देऊ नका, कपाटात पडून राहतो. प्रत्येक फोटोमागे गाव, तारीख, कोणाच्या घरातला, कोणी सांगितलं.

ह्या मे महिन्यात शेजारच्या घराला रंग द्यायचं ठरलं. मी आत्यांना विचारलं, त्या भोकांत नवीन मेझुझा बसवायची का, मी मुंबईहून मागवते. त्या म्हणाल्या, "नको बाय. राहतं कोण तिथे आता? भोकं ऱ्हावदेत तशीच. रंग नको लावू त्यावर." रंगारी यायच्या आधी चौकटीच्या त्या दोन वीत भागावर मास्किंग टेप लावली, त्यावर पेन्सिलने "इथे रंग नको" लिहिलं, आणि तो काम करत होता तोवर ओटीवर बसून राहिले.